डोंगरात मन लागतं, सिनेगॉगमध्ये लागत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

ठाण्यात राहणाऱ्या ३२ वर्षांच्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या) वाचकाचं हे पत्र आहे. आयटीत नोकरी, लग्न झालेलं नाही, आईवडिलांबरोबर राहतात. लहानपणापासून वडिलांचं बोट धरून दर शनिवारी सिनेगॉगला जायचे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र शनिवारी पहाटे मोटरसायकल काढून कधी येऊरला, कधी माळशेजला, कधी भीमाशंकरच्या बाजूला जाऊ लागले. ते लिहितात, ‘सिनेगॉगमध्ये सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) हातात असतं, ओठ हलत असतात आणि डोक्यात सोमवारची मीटिंग असते. जंगलात मी काहीच म्हणत नाही, तरी काहीतरी भरून येतं. एकदा तर तोंडातून आपोआप शेमा निघाला.’ (शेमा म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी ज्यूंची मुख्य प्रार्थना.) एका देवराईत शिरताना नकळत त्यांचे हात जोडले गेले आणि ते स्वतःच दचकले. घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, ‘आता झाडं पुजायचीच बाकी ठेवलीस.’ तेव्हापासून शनिवार हा विषय घरात निघत नाही. इस्रायलला अश्दोदमध्ये राहणारा मामेभाऊ म्हणतो, ‘पवित्र भूमी इकडे आहे, तिकडच्या डोंगरात काय शोधतोस?’ वाचकाचे प्रश्न असे : मी करतो ते आपल्या धर्मात बसतं का? बसत नसेल, तर सिनेगॉगला जाण्याचं ढोंग बंद करावं का? आणि वडिलांना काय सांगू?

उत्तर :

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण पत्राच्या शेवटी कंसात जाता जाता एक वाक्य लिहिलंय आणि माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. ‘(बाबांची खरी कटकट ही की हल्ली दहा माणसं जमायला दहा वाजतात.)’ त्या वाक्याकडे मी येणार आहे. पण आधी झाडांचं बघू, कारण वडिलांचं ते बोलणं तुम्हाला चांगलंच लागलेलं दिसतंय.

एक सांगून ठेवते. माझं माहेर अलिबागकडचं, बेने इस्राएलच, त्यामुळे मी या बाबतीत तिऱ्हाईत नाही. आणि मी रब्बीही (धर्मगुरू) नाही. काय चालतं, काय चालत नाही याचा निवाडा मी देणार नाही. तो तुमच्या हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा.

वडील बोलले ते रागात बोलले, पण त्यामागची भीती आजची नाही. अब्राहामानं बैर-शेबाला झाड लावलं आणि तिथे देवाचं नाव घेतलं, असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. पुढे ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या पुस्तकात मात्र स्पष्ट मनाई येते : देवाच्या वेदीजवळ कुठलंही झाड लावायचं नाही. आजूबाजूचे लोक झाडालाच दैवत मानत होते आणि आपले लोक हळूहळू तसंच करू लागले होते, म्हणून ती मनाई आली. म्हणजे झाडाखाली देवाची आठवण येणं आणि झाडालाच देव करणं, यातली रेघ आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती पुसट व्हायला वेळ लागत नाही, हेही आपल्या लोकांनी अनुभवलंय. देव आणि निसर्ग एकच असं पुढे ज्यानं मांडलं, त्या स्पिनोझाला अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं १६५६ मध्ये, त्याच्या ऐन तरुणपणी, बहिष्कृत केलं होतं. तेव्हा तुमचे वडील एकटे नाहीत, त्यांच्यामागे मोठी रांग आहे.

पण त्या रेघेच्या अलीकडे केवढी मोकळी जागा आहे, तेही बघा. मैमोनिदेस हा बाराव्या शतकातला आपला सगळ्यात काटेकोर धर्मशास्त्री, भाबडेपणा तर त्याच्या जवळपासही नाही. देवावर प्रेम करा अशी आज्ञा आहे, पण प्रेम आज्ञेनं कसं करायचं, हा प्रश्न त्यानं स्वतःच घेतला. त्याचं उत्तर असं की माणूस देवाच्या अद्भुत, विशाल निर्मितीकडे नीट बघतो, तिच्यातलं अपार शहाणपण त्याला दिसतं आणि त्या क्षणी तो देवावर प्रेम करू लागतो. आणि लगेच मागे सरतो, कारण त्या पसाऱ्यात आपण किती क्षुद्र आहोत हे त्याला कळतं. प्रेम आणि धाक दोन्ही एकाच बघण्यातून. येऊरला तुमच्या तोंडून शेमा निघाला, तो मला तरी या जातीचा वाटतो. तुमच्या तोंडून झाडाचं नाव निघालं नाही. ‘ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच’ हेच निघालं ना? मग झाड पुजलं कुठे?

देवराईत हात जोडले गेले त्याचं फार मनावर घेऊ नका. आपण मराठी माणसं. शेजारच्या आजींना, शाळेतल्या बाईंना, ताटातल्या अन्नाला आपले हात आपसूक जोडले जातात. गावानं इतकी वर्षं कुऱ्हाड न लावता राखलेलं रान बघून हात जोडले गेले, तर तो त्या राखणाऱ्यांना नमस्कार समजा. तिथल्या देवाला तुम्ही नवस बोलला असतात तर गोष्ट वेगळी होती.

आता मला तुमचं एक गृहीत तपासायचं आहे. सिनेगॉगमध्ये नुसते शब्द आहेत आणि निसर्ग बाहेर आहे, असं तुम्ही धरून चाललाय. तुमचे ओठ हलत असतात तेव्हा ते काय म्हणत असतात, हे कधी मराठीत वाचलंय का? शनिवारी सकाळी आपण एकोणिसावं स्तोत्र म्हणतो : आकाश देवाचा महिमा सांगतं, दिवस दिवसाशी बोलतो, रात्र रात्रीला कळवते आणि सूर्य नवरदेवासारखा मांडवातून बाहेर पडतो. मग एकशे अठ्ठेचाळिसावं. त्यात देवाची स्तुती कोण करतं? सूर्य, चंद्र, गारा, बर्फ, वादळ, डोंगर, टेकड्या, फळझाडं, सरपटणारे जीव, पाखरं. माणसांची पाळी येते ती शेवटाला. नंतर ‘निश्मत’. आमचं तोंड समुद्राएवढं गाण्यानं भरलं असतं, जीभ लाटांएवढी असती, ओठ आभाळाएवढे रुंद असते, हात गरुडाच्या पंखांसारखे पसरले असते आणि पाय हरणासारखे हलके असते, तरी तुझे आभार मानायला आम्ही पुरे पडलो नसतो. हे सगळं तुमच्या हातातल्या सिद्दूरात आहे. मन येऊरला गेलेलं असतं तेव्हा तोंडही बहुधा तिकडचंच काहीतरी म्हणत असतं, फक्त दोघांची गाठ पडत नाही.

आणि ज्या दारातून तुम्ही आत जाता त्याचं नाव ‘शाआर हाशामायिम’, स्वर्गाचं दार. ठाण्याचं हे सिनेगॉग १८७९ मधलं. ‘स्वर्गाचं दार’ हे शब्द याकोबाचे. घरातून पळालेला, सूर्य बुडाला म्हणून वाटेत उघड्यावरच, दगड उशाला घेऊन झोपलेला याकोब सकाळी उठून दचकतो आणि म्हणतो, ‘परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ठाऊक नव्हतं. हे तर देवाचं घर, हे स्वर्गाचं दार.’ पनवेलच्या आणि रेवदंड्याच्या ‘बेथ एल’ (देवाचं घर) या सिनेगॉगांचं नावही त्याच गोष्टीतून आलं. याकोब झोपला तिथे ना छप्पर होतं ना भिंत. नाव उघड्यावर पडलं, भिंती मागून आल्या.

म्हणून पहिलं काम साधं आहे. प्रार्थनेचा मराठी अर्थ मिळवा आणि शुक्रवारी रात्री एकच पान वाचा, एकच. दुसऱ्या दिवशी ते पान आलं की तेवढ्यापुरतं मन हजर ठेवा, बाकी वेळ मीटिंगला गेलं तर जाऊ द्या. आपल्याकडे मराठीचं सोवळंओवळं कधीच नव्हतं. पेसाहची हग्गादा (वल्हांडण सणाची पोथी) मुंबईत १८४६ मध्येच मराठीत छापली गेली आणि पुढे तर मोशे, दावीद यांच्या कथांची मराठी कीर्तनंही झाली. हिब्रू कळत नाही म्हणून शरमून बसण्याची रीत आपल्यात मागाहून शिरली.

दुसरं गृहीत जरा अवघड आहे. जिथे भरून येतं तिथे देव आणि जिथे काही वाटत नाही तिथे ढोंग, असा तुमचा हिशेब आहे. भरून येणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण जंगलात ते लवकर का येतं, याचा विचार केलात? जंगल तुमच्याकडे काही मागत नाही. तिथे कुणाचा गुडघा दुखत नाही, कुणी वर्गणीवरून भांडत नाही, मागच्या बाकावरचे काका प्रार्थनेच्या मधोमध शेअर बाजार काढत नाहीत. सिनेगॉगमध्ये हे सगळं आहे, कारण तिथे माणसं आहेत.

याबाबत आपल्याच परंपरेतली एक गोष्ट मला नेहमी बोचते. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टे एलियाहू. आपल्या घराघरात ज्यांची तसबीर असते, बारशाला, लग्नाला, नवसाला ज्यांची आठवण काढल्याशिवाय आपलं पान हलत नाही, ते. राजाराणीच्या भयानं पळून ते रानात जातात, एका झुडपाखाली बसून मरण मागतात, मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावरच्या गुहेत शिरतात. तिथे डोंगर फोडणारा वारा येतो, पण परमेश्वर त्या वाऱ्यात नसतो. भूकंप होतो, त्यात नसतो. आग येते, त्यातही नसतो. मग एक अगदी बारीक, हळू आवाज येतो. इथवर गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि निसर्गप्रेमी मंडळी इथेच थांबतात. पण तो आवाज म्हणतो काय? ‘एलियाहू, तू इथे काय करतोस?’ आणि त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतल्यावर, ‘आल्या वाटेनं परत जा.’ पुढे करायच्या कामांची यादीच मिळते आणि त्यात शेवटी एक माणूस जोडून दिला जातो, अलीशा. डोंगरावर पाठवणारा देवच आणि खाली पिटाळणाराही तोच.

आता ते कंसातलं वाक्य. दहा माणसं.

इतर वाचकांसाठी सांगते. आपल्या जुन्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर प्रार्थना ज्याची त्यानं म्हणायची, पण सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) उघडून वाचता येत नाही आणि कादिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. आई किंवा वडील गेल्यावर मुलगा अकरा महिने कादिश म्हणतो आणि ते मिन्यानमध्येच म्हणायचं असतं. १९४८ नंतर आपली बहुतेक घरं इस्रायलला गेली. कोकणातल्या कितीतरी गावांत सिनेगॉग उभं आहे आणि शनिवारी ते उघडायला माणसं नाहीत. ठाण्यात अजून वस्ती आहे म्हणून दहा जमतात तरी. आता असं डोळ्यांपुढे आणा : नऊ जण बसलेत, त्यात एकाची आई दोन महिन्यांपूर्वी वारली आहे, सगळ्यांची नजर दाराकडे आहे आणि तुमच्या वडिलांना माहीत आहे की आपला मुलगा या क्षणी भीमाशंकरच्या वाटेवर चहा पितोय. ‘झाडं पुजतोस’ हे त्यांच्या तोंडून आलं, कारण ‘तू आला नाहीस की मला त्या लोकांसमोर खाली बघावं लागतं’ हे बापाला मुलाजवळ बोलता येत नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. जाणं सोडू नका. आणि मन लागत नसताना जाणं हे ढोंगही नाही. तुम्ही भक्तीचा आव आणून सगळ्यात मोठ्यानं ‘आमेन’ म्हणालात तर ते ढोंग. दहावा माणूस म्हणून गपचूप बसलात, तर दुसऱ्या एकाला आपल्या आईसाठी चार ओळी म्हणता आल्या. मिन्यान मोजताना कुणाचं मन कुठे आहे हे कुणी बघत नाही, ही आपल्या धर्माची मला फार आवडणारी गोष्ट आहे.

डोंगराला रविवार द्या. आयटीतली नोकरी आहे, रविवारीही सुट्टी असते. शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या पवित्र विसाव्यात) डोंगरावर जाण्यात आणखीही अडचणी आहेत : गाडी चालवणं, गावाबाहेर लांब चालणं, डहाळी मोडणं, शेकोटी पेटवणं हे सगळं रीतीत बसत नाही. (सिनेगॉगला मोटरसायकलवरून जाणाऱ्यांनी येऊरला मोटरसायकलवरून जाणाऱ्याला नियम ऐकवावेत का, हा वेगळा वादाचा विषय आहे. तो वडिलांशी काढू नका.) आणि शब्बाथलाच मोकळं आकाश हवं असेल, तर शुक्रवारची संध्याकाळ आहे. सोळाव्या शतकात गालिलातल्या सफेद गावचे कबाला (ज्यू गूढविद्या) जाणणारे लोक शुक्रवारी दिवस कलायला लागला की शेतात जाऊन शब्बाथचं स्वागत करायचे. ‘लेखा दोदी’ हे गाणं त्याच मंडळींतलं आणि त्याच्या शेवटच्या कडव्याला आपण तोंड फिरवतो ते त्याचीच खूण. तुम्ही लॅपटॉप जरा लवकर मिटून उपवन तळ्यावर फेरी मारा आणि मग प्रार्थनेला जा. मेणबत्त्या लावायच्या वेळेच्या आत मात्र घरी या, नाहीतर आईची बोलणी खाल.

रविवारी डोंगरावर गेल्यावर काय करायचं? इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तुम्ही लिहिलंय, ‘जंगलात मी काहीच म्हणत नाही.’ आपल्याकडे म्हणायला भरपूर आहे आणि ते खास उघड्यावर म्हणायचंच आहे. वीज चमकली की एक आशीर्वाद : सृष्टी घडवणाऱ्या परमेश्वरा, तू धन्य. गडगडाट झाला की दुसरा : ज्याचं सामर्थ्य जग भरून आहे. इंद्रधनुष्याला वेगळा, कारण ते नोहाशी केलेल्या कराराची खूण. सुगंधाचेसुद्धा प्रकार पाडलेत. झाडाच्या सुगंधाला एक, वनस्पतीच्या सुगंधाला दुसरा, म्हणजे वास घेण्याआधी हे काय आहे ते बघावं लागतं. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. केळ्याला जमिनीचा म्हणतात, कारण केळ हे झाड नव्हेच, हे आपल्या कोकणातल्या आज्यांनाही ठाऊक होतं. हंगामातलं पहिलं फळ खाताना ‘शेहेहेयानू’, या दिवसापर्यंत जगवलंस म्हणून.

डोंगर, समुद्र, मोठी नदी यांच्यासाठीही सृष्टी घडवणाऱ्याचाच आशीर्वाद आहे, पण त्याला एक अट आहे. ती गोष्ट तीस दिवसांत पाहिलेली नसली तरच तो म्हणायचा. म्हणजे दर आठवड्याला येऊर गाठणाऱ्याला तो म्हणता येणार नाही. (येऊरच्या टेकड्या त्या आशीर्वादाला पुरतील एवढ्या उंच आहेत का, हेही हजानांनाच विचारा. मला वाटतं हसतील.) मला ही अट फार शहाणी वाटते. जे रोज बघतो ते आपण बघतच नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. वीज मात्र दर वादळाला नवी धरली जाते, तेव्हा सगळा पावसाळा तुमचाच आहे. फळझाडाच्या मोहराचाही वर्षातून एकदा म्हणायचा आशीर्वाद आहे. तो रूढीनं नीसान महिन्यात (मार्च-एप्रिलच्या सुमारास) म्हणतात. तोवर आपल्याकडे आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात, म्हणून मोहर दिसताच म्हणावा का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

असं चारपाच शब्दांचं बोलणं कशासाठी, असं वाटेल. काही न म्हणता बसण्यात जे येतं ते तुमचं असतं आणि तुमच्यापाशीच संपतं. आशीर्वाद म्हटला की ते ज्याचं आहे त्याच्या नावे होतं. झाडं पुजण्याची जी भीती वडिलांना आहे आणि तुम्हालाही आहे, तिच्यावरचा तोडगा हाच आहे. आशीर्वाद झाडाकडे बघून म्हणतात, पण त्यात ‘तू’ म्हणतात ते झाडाला नाही.

आणि आपल्या शब्दांत बोलायचं असेल तर तेही आहे. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान (१७७२–१८१०) आपल्या माणसांना सांगायचे की रोज थोडा वेळ एकट्यानं काढा, जमल्यास शेतात, रानात जा आणि देवाशी रोजच्या बोलीत, मित्राशी बोलावं तसं बोला. त्यांची ती बोली यिद्दिश होती, तुमची मराठी. सोमवारच्या मीटिंगबद्दल बोललात तरी चालेल. मोठ्यानं बोला मात्र. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं आणि मागून ट्रेकवाल्यांचा घोळका आला तर फोन कानाला लावायचा. पण हेही ध्यानात ठेवा की रानात जाणारी ती मंडळी मिन्यान चुकवणारी नव्हती.

मामेभावाचं म्हणणं मी थोडक्यात संपवते. इस्रायलच्या भूमीशी आपली प्रार्थना बांधलेली आहे, ते खरंच आहे. ऑक्टोबरात, आपल्या छत्र्या माळ्यावर गेल्या की आपण ‘वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा’ म्हणायला लागतो आणि जूनमध्ये ठाणं तुंबतं तेव्हा दवाची स्तुती करत असतो, कारण तो पाऊस आणि ते दव तिकडचं. पण आपल्या वाडवडिलांनी, आपल्या आख्यायिकेप्रमाणे गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांच्या लेकरांनी, पिढ्यान् पिढ्या सिद्दूरावाचून, रब्बीवाचून, नुसत्या शेमाच्या आधारानं देव धरून ठेवला तो याच मातीत. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करून ते ‘खिरीचा सण’ पाळायचे. मामेभावाला जायचं होतं तो गेला, त्याचं भलं होवो. तुम्हालाही कधी जावंसं वाटलं तर जा, पण डोंगरात देव सापडत नाही म्हणून जाऊ नका. होरेबसुद्धा इस्रायलच्या हद्दीत नव्हता.

आता तिसरा प्रश्न, वडिलांना काय सांगायचं. काहीच सांगू नका, त्यांना कुठेतरी घेऊन जा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, लोणावळ्याच्या नव्हे, एलियाहू हन्नाबीचा टापा आहे. एक काळा खडक. एलियाहूंच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा त्यावर उमटल्या, अशी आपली श्रद्धा. शास्त्रात ते स्वर्गात जातात ते यार्देन नदीच्या पलीकडून. आपल्या लोकांनी ती वाट अलिबागवरून वळवली. शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे तू बिश्वातला, झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, तिथे मलिदा करायची जुनी प्रथा आहे. पूर्वी त्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणत. इस्रायलमधली आपली माणसं हाच मलिदा हैफाला, कार्मेल डोंगरावरच्या एलियाहूंच्या गुहेपाशी करतात. ताटात गोड पोहे, खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, वर गुलाब. आणि म्हणायचं काय, तर ‘देव तुला आकाशाचं दव आणि भूमीची समृद्धी देवो.’ मग झाडाच्या फळाचा आशीर्वाद, जमिनीच्या फळाचा आशीर्वाद, सुगंधाचा आशीर्वाद. उघड्यावर, खडकाजवळ, माणसांबरोबर. तुम्ही जे शोधत शनिवारी एकटे फिरताय, ते तुमच्या आजीच्या ताटात होतं. वडिलांना ते ठाऊक आहे, फक्त तुमच्या ट्रेकचा आणि त्या ताटाचा संबंध त्यांच्या लक्षात आलेला नाही. तो वाद घालून लक्षात येणार नाही.

अशीच पत्रं दुसऱ्या घरांतूनही येतात. देवळात मन लागत नाही आणि गडावर लागतं, चर्चमध्ये मासला जाणं जीवावर येतं पण समुद्रावर तासभर बसवतं. त्यांनाही मी हेच विचारेन की तुमच्या न जाण्यानं तिथे कुणाची जागा रिकामी राहते का. रिकामी राहत असेल तर आधी त्या माणसाशी बोला, देवाचं नंतर बघू. आपल्या बायकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या रीतीत आपण मिन्यानमध्ये मोजल्याच जात नाही, त्यामुळे हे ओझं आपल्यावर नाही आणि तो मानही नाही. आशीर्वाद मात्र सगळे आपले आहेत, आणि घरात मलिद्याचं ताट लावायला आपल्याशिवाय कुणाला येतं?

आणखी एक. हे उत्तर वडिलांना वाचायला देऊ नका. ‘बाईंनी लिहिलंय, तुम्ही चुकताय’ असंच त्यांना दिसेल, मी काहीही लिहिलं असलं तरी. या शनिवारी त्यांच्याआधी तयार होऊन दारात उभे राहा आणि येताना रस्त्यात खंडाळ्याचा विषय काढा. लहानपणी ते कुणाबरोबर गेले होते, बैलगाडीनं की एसटीनं, मलिदा कोण करायचं, एवढंच विचारा. जायचं ठरलं तर अलिबागच्या ओळखीच्यांना आधी फोन करा, तू बिश्वातला गर्दी असते. पाण्याच्या बाटल्या घरून न्या, आणि थर्माकोलच्या प्लेट नकोत, केळीची पानं न्या.